फाट्यावरचा फ्यूज वाचवायचा असेल तर: रिले आणि ऑटो-रिक्लोजची सेटिंग कोणत्या क्रमाने करावी

ऑटो-रिक्लोज (पडलेला ब्रेकर आपोआप पुन्हा लावणारी सोय) चालू केला, रिलेत (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्रात) जलद ट्रिपिंग दिलं, तरी पहिल्याच वादळात फाट्यावरचा, म्हणजे मुख्य लाइनमधून फुटणाऱ्या शाखेवरचा, डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) लोंबकळताना दिसतो. मग कुणीतरी म्हणतं, "हे आपल्याकडे चालत नाही," आणि ऑटो-रिक्लोजचा स्विच कायमचा बंद होतो. इंदूरच्या आसपास, सिमरोल-चोरळकडच्या झाडीतून आणि सांवेर-देपालपूरच्या शेतांतून जाणाऱ्या ११ केव्ही फीडरांवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या मुख्य लाइनांवर) हे मी इतक्या वेळा पाहिलंय की चूक कुठे असेल याचा अंदाज पॅनेल उघडण्याआधीच येतो. लोक सुरुवात रिलेपासून करतात. ती खांबावरच्या फ्यूजपासून करायला हवी.

योजना समजायला सोपी आहे. फांदी टेकली, खार चढली, पतंगाचा मांजा अडकला, की बहुतेक फॉल्ट क्षणिक असतात. पुरवठा अर्धा सेकंद तोडला की आर्क विझतो. म्हणून फाट्यावरचा फ्यूज वितळायच्या आत सबस्टेशनच्या ब्रेकरने झटकन पडायचं आणि लगेच पुन्हा लागायचं. फॉल्ट गेला असेल तर सगळ्यांची लाइन परत येते आणि फ्यूज शाबूत राहतो. फॉल्ट कायमचा असेल तर दुसऱ्या वेळी ब्रेकरने मुद्दाम थांबायचं आणि फ्यूजला जाऊ द्यायचं, म्हणजे तेवढाच फाटा अंधारात जातो. आधी ब्रेकर फ्यूजपेक्षा जलद, नंतर फ्यूजपेक्षा मंद. पुढची सगळी आकडेमोड या दोन अटी पाळण्यासाठीच आहे.

तयारी: एप्रिल-मे महिन्यातच

पाऊस जूनमध्ये येतो, हे काम त्याआधी संपवा. हाताशी एवढं हवं: फीडरचा एकरेषीय नकाशा (प्रत्येक फाट्याची लांबी आणि कंडक्टर लिहिलेला), पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो, सीटीचा (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) रेशो आणि क्लास, रिलेची सध्याची सेटिंग, ब्रेकरची नेमप्लेट आणि फ्यूज लिंक (डीओतला वितळणारा तुकडा) बनवणाऱ्या कंपनीचे वितळण्याचे वक्र (किती करंटला किती वेळात वितळते ते). हा शेवटचा कागद बहुतेक कुणाकडे नसतो. तो मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा १: प्रत्येक फाट्यावर जा आणि डीओत खरंच काय आहे ते पाहा

या टप्प्याला कंटाळू नका. एकदा खंडवा रोडच्या एका फीडरवर सेटिंग तपासायला गेलो होतो. कागदावर सगळं बरोबर होतं. फाट्याचं परमिट (लाइन बंद करून काम करायची परवानगी) घेतलं, लाइन अर्थ केली, आणि काकांनी डीओचं बॅरल (लिंक बसवायची नळी) काढून खाली दिलं. काका म्हणजे आमचे जुने लाइनमन. बॅरलच्या दोन्ही टोकांना घट्ट पिळलेली तांब्याची तार होती. पीळ सोडवला तर आत पाच पदर निघाले, बाहेरच्या बाजूने हिरवट पडलेले. बॅरलच्या आतला फायबर काळाठिक्कर, एका जागी पापुद्रे सुटलेले.

"काका, यात हे काय घातलंय?"

"साहेब, दोन पावसाळे झाले, एकदा पण गेला नाही हा."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रात्री दोनला भर पावसात लिंक हाती नसेल तर माणूस गाव उजळायला हाती असेल ती तार घालतो. पण पाच पदरी तारेचा वक्र कुठल्याच कागदावर नसतो. ती कधी वितळेल ते सांगता येत नाही, त्यामुळे तिच्याशी रिलेचा मेळ घालताच येत नाही. त्या फीडरवर कायमचा फॉल्ट झाला की फाटा कधीच सुटत नसे, दरवेळी पूर्ण फीडर बसायचा आणि दोष ऑटो-रिक्लोजवर जायचा.

फाट्यावर या गोष्टी लिहून घ्या: लिंक कारखान्याची आहे की तार, तिचं रेटिंग आणि प्रकार (के म्हणजे जलद, की टी म्हणजे मंद), तिन्ही फेजवर एकच आहे का, बॅरलची स्थिती, काँटॅक्ट सैल किंवा भाजलेले आहेत का. एका फेजवर ४० के आणि दुसऱ्यावर २५ के हा प्रकार हमखास सापडतो.

इशारा: ट्रान्सफॉर्मरवरचे एचटी (११ केव्ही बाजूचे) फ्यूज या योजनेत धरू नका. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्हीला पूर्णभार करंट ५.२५ अँपिअर. तिथली १० के लिंक १२८ अँपिअरलाच ०.१ सेकंदात वितळू लागते आणि ५००-६०० अँपिअरला तर १० मिलिसेकंदांच्या आतच. कोणताही ब्रेकर तिला वाचवू शकत नाही, वाचवायचीही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आत बिघाड झाला तर ती जायलाच हवी. वाचवायचा तो फाट्याच्या तोंडाशी असलेला फ्यूज.

टप्पा २: फॉल्ट करंट काढा, दोन ठिकाणचा

प्रत्येक फाट्यासाठी दोन आकडे लागतात: फ्यूजच्या लगेच पुढचा सर्वांत मोठा आणि फाट्याच्या शेवटच्या खांबावरचा सर्वांत लहान. एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ.

ट्रान्सफॉर्मर ५ एमव्हीए, ३३/११ केव्ही, इम्पीडन्स ७.१५ टक्के. पूर्णभार २६२ अँपिअर. ३३ केव्हीचा स्रोत अमर्याद धरला तर ११ केव्ही बसवर (सबस्टेशनमधल्या सामाईक पट्टीवर) ३,६७० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स १.७३ ओहम येतो, तो जवळजवळ सगळा रिअॅक्टन्स. आता रॅबिट कंडक्टर घ्या: रेझिस्टन्स सुमारे ०.५५ आणि रिअॅक्टन्स सुमारे ०.३७ ओहम दर किलोमीटर. फाटा ८ किलोमीटरवर असेल तर एकूण रेझिस्टन्स ४.४, रिअॅक्टन्स ४.६९, इम्पीडन्स ६.४३ ओहम. ६,३५० व्होल्टला त्याने भागलं की ९८७ अँपिअर. हा फाट्याच्या तोंडाशी तीन फेजचा फॉल्ट.

फाटा ४ किलोमीटर वीझल या बारीक कंडक्टरचा (०.९३ ओहम दर किलोमीटर, रिअॅक्टन्स तोच धरला). शेवटच्या खांबावर तीन फेजला ६२३ अँपिअर, दोन फेजला त्याचे ८७ टक्के, म्हणजे ५४० अँपिअर.

अर्थ फॉल्टचा (तार जमिनीला टेकल्यावरचा) करंट याहूनही कमी असू शकतो आणि त्याचा भरवसा नसतो. माळव्याची काळी माती मे महिन्यात भेगाळते, तुटलेली तार कोरड्या ढेकळांवर पडली तर करंट काही अँपिअरवर अडकतो. पाचव्या टप्प्यात याच्याकडे परत यायचं आहे.

तपासणी: बसवर काढलेला तुमचा आकडा ट्रान्सफॉर्मरच्या मर्यादेपेक्षा (इथे ३,६७०) जास्त आला असेल तर गणित चुकलं आहे.

टप्पा ३: लिंक निवडा, आणि योजना कुठे चालणारच नाही ते मान्य करा

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. ब्रेकर "इन्स्टंटेनियस" पडला तरी शून्य वेळात पडत नाही. न्यूमेरिकल रिलेला ३० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर) उघडून आर्क विझायला आणखी ५०. मध्ये मास्टर ट्रिप रिले असेल तर १० वाढवा. म्हणजे चांगल्या स्थितीत ०.०८ सेकंद. ऑटो-रिक्लोजमुळे लिंक पहिल्या फॉल्टने तापलेली असते, म्हणून या वेळेला एका जलद ट्रिपसाठी साधारण १.२५ ने गुणतात. दोन जलद ट्रिप आणि मध्ये अर्ध्या सेकंदाचाच अवकाश असेल तर हा गुणक १.८ पर्यंत जातो. आपलं गणित: ०.०८ गुणिले १.२५ म्हणजे ०.१० सेकंद. लिंकने फाट्याच्या तोंडाशी असलेल्या फॉल्टला एवढा वेळ तरी न वितळता तग धरला पाहिजे.

आता एएनएसआय मानकाच्या लिंका पाहा. ०.१ सेकंदात वितळण्याचा किमान करंट: ४० के ५६५ अँपिअर, ६५ के ९१८, ४० टी १,०४०. आपला फॉल्ट ९८७. त्या करंटला ४० के सुमारे ०.०३३ सेकंदात वितळते, म्हणजे ब्रेकर हलायच्या आतच गेली. ६५ के ०.०८७ सेकंदात, तीही थोडक्यात चुकली. ४० टी ०.११ सेकंदात. ती वाचते.

के आणि टीमधला फरक रेटिंगचा नाही, चालीचा आहे. दोन्ही ४० च्या लिंका पाच मिनिटांच्या वितळण्यात सारख्याच, ८० ते ९६ अँपिअरच्या पट्ट्यात. पण मोठ्या करंटला टी बरीच सावकाश वितळते. फ्यूज वाचवायचा असेल तर मी फाट्यांवर टी-लिंकच सुचवतो. भार २८-३० अँपिअर असला तरी ४० टी आरामात वाहते, टिनच्या लिंका रेटिंगच्या दीडपट भार सतत सोसतात.

०.११ आणि ०.१० मधलं अंतर अगदी निसटतं आहे, हे मला मान्य आहे. पण ते फक्त फ्यूजच्या तोंडाशी होणाऱ्या तीन फेजच्या फॉल्टसाठी. एक किलोमीटर पुढे करंट ८६४ वर येतो आणि लिंकला ०.१४ सेकंद मिळतात. फाट्याची बहुतेक लांबी त्याच्याही पुढे आहे. पहिल्या आठ-दहा खांबांसाठी लिंक वाढवत बसू नका.

मात्र हाच फाटा सबस्टेशनपासून ३ किलोमीटरवर असता तर करंट १,९०० च्या पुढे जातो आणि ४० टी ०.०३ सेकंदात संपते. तिथे फ्यूज वाचवण्याची योजना चालत नाही. कितीही सेटिंग बदला, चालत नाही. जवळच्या फाट्यांवर फ्यूज जाणार हे गृहीत धरून रिले मंद ठेवणं, किंवा फाट्याच्याच तोंडाशी जलद वक्राचा छोटा रिक्लोजर बसवणं, एवढेच मार्ग आहेत. नकाशावर एक रेघ ओढा आणि तिच्या अलीकडचे फाटे यादीतून काढून टाका.

तपासणी: फाट्याच्या लिंकखाली ट्रान्सफॉर्मरची सर्वांत मोठी लिंक कोणती? तिचा पूर्ण तुटण्याचा वेळ वरच्या लिंकच्या किमान वितळण्याच्या वेळेच्या ७५ टक्क्यांच्या आत हवा. १० के आणि ४० टी यांच्यात भरपूर अंतर आहे.

टप्पा ४: जलद ट्रिपची सेटिंग

जलद एलिमेंटने (रिलेतल्या जलद ट्रिपच्या भागाने) फाट्याच्या शेवटच्या खांबापर्यंत पाहिलं पाहिजे. तिथला करंट ५४० अँपिअर, म्हणून मी ४०० ठेवीन. वेळ शून्य.

लगेच प्रश्न येतो, लाइन चार्ज करताना ब्रेकर पडणार नाही का? पडतो. फीडरवर शंभर केव्हीएचे चाळीस ट्रान्सफॉर्मर असतील तर चालू करताना मॅग्नेटायझिंगचा झटका (इनरश) पहिल्या काही सायकलमध्ये पूर्णभाराच्या कित्येक पट जातो, ४०० अँपिअर सहज ओलांडतो. ऑटो-रिक्लोज बदनाम व्हायचं हे दुसरं मोठं कारण: ब्रेकर लागतो, इनरशने लगेच पडतो, लॉकआउट होतो (आपोआप लागायचं थांबतो), ऑपरेटरला वाटतं फॉल्ट कायमचा आहे, आणि लाइनमन तीन तास रिकाम्या लाइनवर फिरतो.

उपाय दोन, दोन्ही करा. रिलेतलं सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (इनरश ओळखून ट्रिप रोखणारी सोय) चालू करा, साधारण १५ ते २० टक्क्यांवर. आणि जलद एलिमेंट पहिल्या ट्रिपनंतर तसंच हाताने क्लोज केल्यावर काही सेकंद ब्लॉक राहील असं लॉजिक द्या.

इशारा: याच ब्लॉकिंगने बसजवळच्या खऱ्या फॉल्टला उशीर होता कामा नये. त्यासाठी वेगळा हाय-सेट (फक्त मोठ्या करंटला पडणारा) एलिमेंट ठेवा, तो कशानेच ब्लॉक होणार नाही आणि त्याच्या ट्रिपनंतर रिक्लोज होणार नाही.

टप्पा ५: मंद वक्र

आता ब्रेकरने फ्यूजची वाट पाहायची. पिकअप (ज्या करंटला रिले जागा होतो तो) २०० अँपिअर (फीडरचा कमाल भार १३० धरून), वक्र स्टँडर्ड इन्व्हर्स, टीएमएस (वेळेचा गुणक) ०.१५. फाट्याच्या शेवटी ५४० अँपिअरला रिले सुमारे १.०५ सेकंदात पडेल, तोंडाशी ९८७ अँपिअरला ०.६५ सेकंदात. ४० टी तोंडाशी ०.२ सेकंदाच्या आत तुटते, शेवटी साधारण अर्ध्या सेकंदात. दोन्हीकडे पुरेसं अंतर आहे. मोठ्या करंटला फ्यूजचा वक्र झपाट्याने खाली येतो, म्हणून तपासायचं ते लहान करंटच्या टोकाला. बहुतेक जण उलट करतात. वरचा ३३ केव्हीचा रिलेही याच्याहून मंद आहे ना, ते बघून घ्या.

अर्थ फॉल्टला मात्र हा मेळ पूर्ण बसत नाही. १०० अँपिअरच्या अर्थ फॉल्टला ४० टी सेकंदांत नव्हे, मिनिटांत वितळते, कदाचित वितळतच नाही. फ्यूज वाचावा किंवा फाटाच सुटावा म्हणून अर्थ फॉल्टचा पिकअप वर नेण्याचा मोह होतो. तो होऊ देऊ नका. तुटलेली जिवंत तार शेतात पडलेली असते तेव्हा तिच्याजवळ फ्यूज नसतो, माणूस असतो, बैल असतो. पूर्ण फीडर बसला तरी चालेल, पण तिथे रिलेने पडलंच पाहिजे. आणि सेन्सिटिव्ह (अगदी लहान करंटच्या) अर्थ फॉल्टच्या ट्रिपनंतर रिक्लोज कधीही नको.

टप्पा ६: रिक्लोजचा वेळ, शॉटची संख्या, रिक्लेम

आधी ब्रेकरची नेमप्लेट वाचा. सबस्टेशनच्या व्हीसीबीवर ड्यूटी (ब्रेकरला झेपणारा उघडझापीचा क्रम) बहुधा अशी असते: ओपन, ०.३ सेकंद, क्लोज-ओपन, ३ मिनिटं, क्लोज-ओपन. म्हणजे पहिला रिक्लोज लगेच चालेल, दुसऱ्यासाठी ३ मिनिटं थांबायला हवं. शिवाय स्प्रिंग चार्ज व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तरी रिलेत चार शॉट (रिक्लोजचे प्रयत्न) टाकलेले मी पाहिलेत. ते खांबावरच्या ऑटो-रिक्लोजरसाठी असतात, त्याची ड्यूटी निराळी असते.

व्हीसीबीसाठी: एक जलद ट्रिप, ०.५ ते १ सेकंदाने एकच रिक्लोज, मग मंद वक्र, मग लॉकआउट. खांबावरच्या रिक्लोजरसाठी दोन जलद आणि दोन मंद देता येतात, पण मग तिसऱ्या टप्प्यातला गुणक त्याप्रमाणे बदला.

रिक्लेमचा वेळ (रिक्लोजनंतर गणती शून्यावर यायला लागणारा) ३० सेकंद ठेवा. हा वेळ मंद वक्राच्या सर्वांत जास्त वेळेपेक्षा आणि स्प्रिंग चार्जपेक्षा मोठाच हवा. तो मंद वक्राच्या वेळेपेक्षा कमी ठेवला तर काय होतं? दुसऱ्या वेळी फ्यूज अजून तापतोय, तोच गणती शून्यावर येते, जलद एलिमेंट पुन्हा जागा होतो आणि ब्रेकर पहिल्यापासून सुरू करतो. कायमच्या फॉल्टवर ब्रेकर लागत-पडत राहतो, फ्यूज कधीच जात नाही.

टप्पा ७: रिक्लोज कुठे आणि केव्हा बंद

केबलचा फीडर असेल तर नकोच, केबलचा फॉल्ट क्षणिक नसतो. हाताने ट्रिप केल्यावर नको, लाइन चार्ज करताना लगेच पडला तर नको, ट्रान्सफॉर्मर किंवा बसच्या संरक्षणाने पाडलं तर नको. पीथमपूरसारख्या ठिकाणी, जिथे एका झटक्याने अख्खा प्रोसेस थांबतो, तिथे ग्राहकांशी बोलूनच ठरवा. एका फाट्याचा फ्यूज वाचवायला वीस कारखाने अर्धा सेकंद बंद करणं परवडत नाही.

इशारा: लाइनवर माणूस चढायच्या आधी ऑटो-रिक्लोज बंद, स्विचवर टॅग, आयसोलेटर उघडा, दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड. फक्त ऑटो-रिक्लोज बंद केला म्हणजे लाइन बंद झाली असं नव्हे. परमिट परत आल्याशिवाय तो स्विच कुणीही हलवायचा नाही.

टप्पा ८: टेस्टिंग

सेकंडरी इंजेक्शनने (रिलेत बाहेरून करंट सोडून) पूर्ण क्रम चालवून बघा, एक-एक एलिमेंट सुटा नको. जलद ट्रिप, रिक्लोज, मग त्याच करंटला मंद ट्रिप, मग लॉकआउट. रिलेला फॉल्ट दिसल्यापासून ब्रेकर तुटेपर्यंत एकूण खरंच किती वेळ लागतो ते टायमरने मोजा. ०.०८ ऐवजी ०.१२ निघाले तर तिसरा टप्पा पुन्हा करावा लागेल, कारण आपली लिंक ०.११ वर उभी आहे. जुन्या ब्रेकरांवर ग्रीस सुकल्यामुळे हे होतं, म्हणून महिनाभर न हललेल्या ब्रेकरची पहिली वेळ नोंदवा, दहा वेळा हलवून मोकळा झाल्यानंतरची नव्हे. सीटी २००/१, ५पी१० (रेटिंगच्या १० पट करंटपर्यंत अचूक) असेल तर तिचा भरवसा २,००० अँपिअरपर्यंत, हाय-सेट त्याच्या आत आहे ना ते बघा.

आणि प्रत्येक लाइनमनच्या पिशवीत त्याच्या फाट्यांच्या लिंका मोजून द्या, फाट्याचं नाव लिहिलेल्या पाकिटात. काकांच्या फीडरवर आम्ही तेच केलं. खांबावर पत्र्याची पट्टी लावून "४० टी" असं रंगवलं. त्यानंतर त्या बॅरलमध्ये पुन्हा तार सापडली नाही.

टप्पा ९: पहिल्या तीन वादळांनंतर

रिलेतली घटनांची नोंद उतरवा आणि डीओच्या फेऱ्यांच्या वहीशी तारीख-वेळ जुळवा. जलद ट्रिप, रिक्लोज यशस्वी, फ्यूज शाबूत: योजना चालली. जलद ट्रिप, रिक्लोज, त्यानंतर फ्यूज गेला पण ब्रेकर उभा: तेही बरोबर, फॉल्ट कायमचा होता. जलद ट्रिप आणि पहिल्याच दणक्यात फ्यूजही गेला: लिंक चुकीची आहे किंवा फाटा त्या रेघेच्या अलीकडचा आहे. रिक्लोजनंतर लगेच पुन्हा जलद ट्रिप: ब्लॉकिंगचं लॉजिक तपासा. एकाच फाट्यावर आठवड्यात चार यशस्वी रिक्लोज दिसले तर सेटिंगला हात लावू नका. दिवसाउजेडी त्या फाट्याखालून चालत जा, कोणती फांदी टेकते ते शोधा आणि ती कापून घ्या.